शूटरचा करार खरंच महाग आहे का? ट्रेडची अफवा तपासायची पद्धत, डंकन रॉबिन्सनच्या हिशोबाने

ऑगस्ट २०२१ मध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या मायामी हीट संघाने डंकन रॉबिन्सन या शूटरशी, म्हणजे लांबून नेम साधणाऱ्या खेळाडूशी, पाच वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा करार केला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीच न निवडलेल्या खेळाडूला तोवर एवढा मोठा करार मिळाला नव्हता. पुढच्या मार्चमध्ये त्याची सुरुवातीच्या पाचांतली जागा मॅक्स स्ट्रुसकडे गेली, आणि तेव्हापासून दर फेब्रुवारीत आणि दर जुलैत एकच वाद रंगत राहिला: ट्रेड करून, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करून, हा करार कुणाच्या तरी गळ्यात मारा.

एनबीए मनापासून पाहणाऱ्या माणसाला हे वाद चुकत नाहीत. नावं बदलतात. कधी डाव्हिस बर्टान्स, कधी जो हॅरिस, कधी बडी हील्ड. मुद्दे मात्र तेच: ‘एवढे पैसे फक्त थ्री (तीन गुणांची लांबची बास्केट) मारायचे?’, ‘त्याच्या बदल्यात अमका आणा’, ‘आतल्या गोटातली बातमी आहे, ट्रेड झाल्यातच जमा’. पगारातला नेमका किती भाग जास्तीचा आहे, तो किती वर्षं राहणार आहे आणि तो हलवायला संघाला पदरचं काय घालावं लागेल, एवढं कळलं की यातला बराच वाद मिटतो. ही उत्तरं काढायची पद्धत पुढे देतो आहे. आकडे बहुतेक रॉबिन्सनचे घेतले आहेत, कारण त्याच्या करारात या खेळाचे जवळपास सगळे नियम एकाच ठिकाणी पाहायला मिळतात.

पहिली पायरी: मथळ्यातला आकडा बाजूला ठेवा

‘९ कोटी’ हा मथळ्याचा आकडा. कराराच्या आत पाहिलं तर पहिल्या वर्षी १.५७ कोटी, मग १.६९, १.८२, १.९४ आणि शेवटच्या २०२५-२६ मोसमासाठी १.९९ कोटी अशी चढती रचना होती. त्या शेवटच्या वर्षातले फक्त ९९ लाख हमीचे होते. म्हणजे हीटने प्रत्यक्षात हमी दिली ती सुमारे ८ कोटींची. शिवाय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी करार संपवायचा हक्क रॉबिन्सनकडे होता.

म्हणून करार हाती आला की आधी चार गोष्टी शोधा. दरवर्षीचा पगार वेगवेगळा, हमीची रक्कम किती, शेवटच्या वर्षाचा निर्णय खेळाडूकडे की संघाकडे, आणि ट्रेड झाल्यास पगार वाढवून देणारं कलम आहे का. नियमाप्रमाणे ही वाढ १५ टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि ट्रेडचं गणित तिच्यामुळे ऐनवेळी फिसकटू शकतं.

रचना चढती की उतरती, हेही पाहाच. बडी हील्डचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, तेव्हा तो किंग्जकडून मुंबईत खेळला. त्याच महिन्यात त्याने किंग्जशी चार वर्षांची मुदतवाढ केली, हमी ८.६ कोटींची. तिच्यात पगार दरवर्षी घटत जात होता. उतरता करार पहिल्या वर्षी डोळ्यांत खुपतो आणि शेवटच्या वर्षी कुणालाही परवडतो. हील्ड पुढे वारंवार संघ बदलू शकला, त्यामागे त्याच्या नेमाइतकीच ही रचनाही होती असं माझं मत आहे.

दुसरी पायरी: डॉलर सोडा, टक्क्यांत बोला

डॉलरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, कारण सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, दरवर्षी बदलते. २०२१-२२ मध्ये ती ११.२४ कोटी होती, २०२३-२४ मध्ये १३.६ कोटी, २०२४-२५ मध्ये १४.०६ कोटी आणि २०२५-२६ मध्ये १५.४६ कोटी. पगाराला त्या त्या वर्षाच्या कॅपने भागा.

रॉबिन्सनचं पहिलं वर्ष १३.९ टक्के येतं. चौथ्या वर्षी पगार जवळपास ३८ लाखांनी वाढलेला होता, तरी टक्केवारी १३.८ वरच राहिली. म्हणजे ‘दरवर्षी आणखी महाग होत गेला’ हे म्हणणं चूक. पगार कॅपच्या चालीनेच चालत होता.

आता तुलनेला स्ट्रुस घ्या. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, तोही शूटर, आणि रॉबिन्सनची जागा घेणाराच. २०२३ मध्ये तो क्लीव्हलंडला गेला तेव्हा त्याचा पहिल्या वर्षाचा पगार कॅपच्या साधारण साडेदहा टक्के होता. तुलना अशीच हवी: त्याच भूमिकेचा खेळाडू, टक्क्यांत, आणि बाजारात खरोखर मिळालेला भाव. लेब्रॉन किंवा करीच्या पगाराशी तुलना करून शूटरबद्दल काहीच हाती लागत नाही.

तिसरी पायरी: नेमबाजीचा आकडा किती खरा?

इथे घाई करू नका, कारण बहुतेक वाद इथेच भरकटतो.

रॉबिन्सनचे मोसम ओळीने पाहा. २०१९-२० मध्ये २७० थ्री, ४४.६ टक्के. पुढच्या मोसमात २५० थ्री, ४०.८ टक्के. करारानंतरच्या पहिल्या वर्षी ३७.२. त्यानंतर बोटाच्या दुखापतीने आणि शस्त्रक्रियेने विस्कटलेल्या २०२२-२३ मध्ये ३२.८. मग ३९.५ आणि ३९.३.

करार झाल्यावर आकडा सलग दोन वर्षं उतरला, म्हणून लोकांनी निष्कर्ष काढला की पैसे मिळाले आणि पोरगा ढिला पडला. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो, आणि तो का टिकत नाही हे साध्या संख्याशास्त्राने दाखवता येतं. एखादा शूटर मुळात ४० टक्क्यांचा आहे असं धरा. त्याने मोसमात ६०० प्रयत्न केले, तर निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा ३६ ते ४४ च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. प्रयत्न १०० असतील, म्हणजे महिना-सव्वा महिन्याचा खेळ, तर ३० ते ५० ची मोकळीक द्यावी लागते. त्यामुळे नोव्हेंबरमधल्या टक्केवारीवरून कुणाचा करार फसला असं ठरवणाऱ्याचं म्हणणं मनावर घेऊ नका. रॉबिन्सनचे दुखापतीचं वर्ष सोडून बाकीचे मोसम एकत्र ठेवले तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळिशीच्या आसपासचाच शूटर दिसतो. ४४.६ हे त्याचं फार चांगलं वर्ष होतं. हीटने भाव लावताना त्या वर्षाला थोडं जास्त वजन दिलं, एवढंच म्हणता येईल.

आता टक्केवारीचं गुणांत रूपांतर करा. सामन्याला आठ थ्री टाकणारा खेळाडू ४४.६ वरून ३७.२ वर आला, तर संघाचं नुकसान होतं सामन्यामागे पावणेदोन गुणांच्या आसपास. आकडा लहान नाही. पण ‘खेळाडू संपला’ म्हणण्याइतकाही मोठा नाही.

टक्केवारीत न दिसणाऱ्या दोन गोष्टींचा हिशोब वेगळा करा. पहिली म्हणजे प्रयत्नांची संख्या आणि प्रकार. कोपऱ्यात उभं राहून मोकळ्या पासची वाट पाहणारा शूटर आणि धावत येऊन, वळता वळता, हातात चेंडू पडताच टाकणारा शूटर, या दोघांची टक्केवारी सारखी असली तरी किंमत सारखी नसते. रॉबिन्सन दुसऱ्या प्रकारातला. हीटच्याच बॅम अडेबायोच्या हातून चेंडू घेत तो तीन गुणांच्या रेषेबाहेर वळायचा, तेव्हा दोन बचावपटू त्याच्याकडे ओढले जायचे आणि अडेबायोला रिंगपर्यंत मोकळी वाट मिळायची. त्या बास्केटचे गुण रॉबिन्सनच्या नावावर लागत नाहीत. ते पाहायचे असतील तर तो मैदानावर असताना आणि नसताना संघ शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात आल्यावरचे डाव) किती गुण करतो, हा आकडा काढा. तोही एका मोसमाचा पुरत नाही, दोन-तीन मोसमांचा एकत्र घ्या.

दुसरी गोष्ट बचाव, आणि ती प्लेऑफमध्ये (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) उघडी पडते. एप्रिल २०२२ मध्ये अटलांटाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात रॉबिन्सन बेंचवरून आला आणि नऊपैकी आठ थ्री मारून २७ गुण करून गेला. त्याच प्लेऑफमध्ये पुढे त्याची मिनिटं जवळपास आटली, कारण समोरचा संघ प्रत्येक वेळी त्यालाच हेरून त्याच्या अंगावर चाल करायचा. नियमित मोसमाच्या ८२ सामन्यांत जो दोष झाकला जातो, तो सात सामन्यांच्या मालिकेत झाकता येत नाही. पण वर्षभरात चित्र पुन्हा फिरलं. २०२३ मध्ये मिलवॉकीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात हीटच्या टायलर हेरोचा हात मोडला, रॉबिन्सनला जागा मिळाली, आणि अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात डेन्व्हरच्या मैदानावर त्याने चौथ्या क्वार्टरमध्ये १० गुण केले. हीटने तो सामना १११-१०८ असा जिंकला. ज्याला फुकट घालवायला लोक निघाले होते, त्याच्याविना तो सामना हातून गेला असता असं मला आजही वाटतं.

चौथी पायरी: जास्तीचा भाग वेगळा काढा

वादात सर्रास होणारी गफलत अशी की पूर्ण पगारालाच नुकसान समजलं जातं. ‘पावणेदोन-दोन कोटी पाण्यात’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. खेळाडू खेळतो आहे, थ्री मारतो आहे, त्या कामाचा काही भाव आहेच. नुकसान असतं ते पगार वजा तो भाव.

रॉबिन्सनच्या कामाचा भाव काय? बाजारानेच नंतर तो सांगितला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने शेवटचं वर्ष सोडलं आणि साइन-अँड-ट्रेडने (जुन्या संघाने नवा करार करून लगेच ट्रेड करणं) डेट्रॉइट पिस्टन्सकडे गेला: तीन वर्षं, ४.८ कोटी. बदल्यात हीटला सिमोने फोंटेकियो मिळाला. वर्षाला सरासरी १.६ कोटी, म्हणजे २०२५-२६ च्या कॅपच्या साधारण दहा टक्के. तेव्हा त्याचं वय ३१ होतं. स्ट्रुसचा भावही तिथेच आसपास. मग हीटच्या करारातल्या १३.८ टक्क्यांपैकी जास्तीचे साडेतीन टक्के धरू. २०२४-२५ च्या कॅपवर ते होतात सुमारे ५० लाख डॉलर.

माझ्या मते हा करार महाग होता. वर्षाला ५० लाखांनी. हा आकडा समोर ठेवला की चर्चेचा सूर बदलतो, कारण ५० लाखांच्या चुकीसाठी पहिल्या फेरीचं पिक (ड्राफ्टमध्ये निवड करायचा हक्क) देणं शहाणपणाचं नाही हे लगेच दिसतं.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारा: तो नसता तर तेवढ्याच पैशांत दुसरा आणता आला असता का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. एनबीएची कॅप लवचिक आहे. कॅपच्या वर असलेला संघ बर्ड हक्कांखाली, म्हणजे कॅप ओलांडायची सवलत वापरून, स्वतःच्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करू शकतो, पण तेवढीच रक्कम बाहेरच्या खेळाडूवर खर्च करू शकत नाही. २०२१ मध्ये हीट कॅपच्या वर होता. रॉबिन्सनला जाऊ दिलं असतं तर १.५७ कोटी हातात उरले नसते, फक्त एक शूटर कमी झाला असता. घरच्या शूटरला चढा भाव मिळतो तो बऱ्याचदा याच कारणाने.

पाचवी पायरी: ट्रेड नियमांच्या चाळणीतून काढा

अफवा कानावर आली की कागद-पेन घ्या. कॅपच्या वरच्या संघांना पगार जुळवावे लागतात. कॅपच्या वर एप्रन नावाच्या दोन खर्चरेषा असतात. पहिल्या एप्रनच्या खालच्या संघाला बाहेर जाणाऱ्या पगारापेक्षा काही जास्त परत घेता येतं. पहिल्या एप्रनच्या वर असाल तर एक डॉलरही जास्त घेता येत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा पगार आणता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांपुढचं पहिल्या फेरीचं पिक गोठतं. २०२५-२६ मध्ये लक्झरी टॅक्सची रेषा (जी ओलांडली की संघाला जादा कर बसतो) १८.७९ कोटींवर, पहिला एप्रन १९.५९ वर आणि दुसरा २०.७८ वर होता. ऐकलेल्या अफवांपैकी कितीतरी फक्त या चार ओळींवर आपटून फुटतात.

२०२३ च्या उन्हाळ्यातली डेमियन लिलार्डची गोष्ट तपासून पाहू. त्याने १ जुलैला पोर्टलँडकडे ट्रेड मागितला आणि मायामीला जायचंय असं सांगितलं. त्याचा पगार ४.५६ कोटी. हेरोचे २.७ आणि रॉबिन्सनचे १.८२ मिळून ४.५२ कोटी. पगार जवळपास जुळले! ‘गळ्यातला’ करार अचानक कामाचा झाला, कारण एवढ्या मोठ्या पगाराला जोडीला मधल्या आकाराचा पगार लागतोच. ज्या संघाकडे सगळे किमान पगाराचे आणि दोन-तीन बड्या पगाराचे खेळाडू असतात, त्याला मोठा ट्रेड करताच येत नाही. म्हणून माफक प्रमाणात महाग असलेल्या शूटरचा करार ही काही अंशी ट्रेडची सामग्रीही असते.

तरीही तो ट्रेड झाला नाही. पोर्टलँडकडे अँफर्नी सायमन्स, स्कूट हेंडरसन, शेडन शार्प असे गार्ड आधीच होते. हेरोही त्याच जागेवरचा, म्हणून तो त्यांना नको होता. २७ सप्टेंबरला लिलार्ड मिलवॉकीला गेला. पोर्टलँडला ड्रू हॉलिडे, डिआंद्रे एटन आणि पिक्स मिळाली, आणि हॉलिडेला त्यांनी लगेच बोस्टनकडे धाडून आणखी माल घेतला. पगार जुळणं ही परवानगी असते. समोरच्याला काय हवंय, हे त्यानंतर तपासायचं. ट्रेड मांडणाऱ्या मित्राला एकच विचारा: ‘तू पोर्टलँडचा मॅनेजर असतास तर हो म्हणाला असतास का?’

पिक्स मांडत असाल तर स्टेपियन नियम लक्षात ठेवा: पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचं एकही पिक हाती नाही अशी स्थिती संघाला ओढवून घेता येत नाही. साइन-अँड-ट्रेड असेल तर खेळाडू घेणारा संघ त्या मोसमात पहिल्या एप्रनच्या वर जाऊच शकत नाही.

सहावी पायरी: हलवायची खरी किंमत जुन्या सौद्यांतून काढा

‘दोन पिक्स जोडली की घेईल कुणीतरी’ हे हवेतलं बोलणं. जुने सौदे पाहा.

जो हॅरिसला ब्रुकलिनने २०२० मध्ये चार वर्षांचे ७.५ कोटी दिले. लीगमधला सर्वोत्तम थ्री टक्केवारीचा मान त्याने दोनदा मिळवला होता. मग घोट्याची शस्त्रक्रिया झाली, आणि शेवटचं एक वर्ष उरलं असताना २०२३ मध्ये ब्रुकलिनने त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीची दोन पिक्स देऊन त्याला डेट्रॉइटकडे पाठवलं. एका वर्षाच्या पूर्ण ओझ्याचा हा भाव.

डाव्हिस बर्टान्सचा प्रवास याहून बोलका आहे. वॉशिंग्टनने २०२० मध्ये पाच वर्षांचे ८ कोटी दिले. त्याआधीच्या मोसमात तो ४२.४ टक्क्यांनी थ्री मारत होता. करारानंतर त्याचा खेळ खालावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो स्पेन्सर डिनविडीसोबत डॅलसला गेला आणि क्रिस्टॅप्स पोरझिंगिस वॉशिंग्टनला आला. दोन्ही संघांनी आपापली अडचण अदलाबदल केली. जून २०२३ च्या ड्राफ्टच्या रात्री डॅलसने दहावं पिक आणि बर्टान्स ओक्लाहोमा सिटीला दिले आणि बारावं पिक घेतलं. म्हणजे दीड कोटीच्या वरचा पगार हलवायची किंमत पडली ड्राफ्टमधल्या दोन जागा. बाराव्या पिकवर डॅलसला डेरेक लाइव्हली मिळाला आणि वर्षभरात संघ अंतिम मालिकेत पोचला. ओक्लाहोमाने दहाव्यावर केसन वॉलेस घेतला आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्टान्सचाच पगार वापरून त्यांनी शार्लटकडून गॉर्डन हेवर्ड आणला. हेवर्डचा फारसा उपयोग झाला नाही, पण एकाने टाकलेला पगार दुसऱ्याने चलन म्हणून कसा वापरला ते पाहण्यासारखं आहे.

दोन्ही सौद्यांत घेणाऱ्या संघाकडे कॅपमध्ये मोकळी जागा होती. म्हणून कुणाचा करार हलेल का, असा प्रश्न आला की आधी त्या उन्हाळ्यात जागा कुणाकडे आहे ती यादी काढा. ती सहसा चार-पाच संघांची असते. यादीत कुणीच नसेल तर उरतो पगार पसरवण्याचा मार्ग: खेळाडूला सोडायचं आणि उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुपटीत एक मिळवून तेवढ्या वर्षांत वाटायची. शूटरच्या मध्यम करारासाठी मी तो कधीच सुचवणार नाही. पाच वर्षं कॅपवर मेलेला पैसा बाळगण्यापेक्षा दोन वर्षं शूटर खेळवलेला बरा.

सातवी पायरी: बातमी कुणाच्या सोयीची?

प्रत्येक अफवेला उगम असतो आणि उगमाला हेतू असतो. एजंटला खेळाडूचा भाव वाढवायचा असतो, विकणाऱ्या संघाला बोली लावणारे वाढवायचे असतात, विकत घेणाऱ्याला समोरच्या मॅनेजरवर दबाव आणायचा असतो. क्रियापदं नीट वाचा. ‘चौकशी केली’ म्हणजे एक फोन झाला; एनबीएत सगळेच सगळ्यांची चौकशी करतात. ‘रस आहे’ म्हणजे त्याहून थोडंसं जास्त. ‘प्रस्ताव दिला’ आणि त्यात पिक्सची वर्षं असतील, तर कागद-पेन काढा.

लेकर्स आणि किंग्ज यांच्यात २०२१ मध्ये हील्डचा सौदा ठरत आल्याच्या बातम्या ठिकठिकाणी होत्या; लेकर्सने ऐनवेळी रसेल वेस्टब्रूक घेतला. हील्ड पुढच्या फेब्रुवारीत गेला तो इंडियानाला, टायरीस हॅलिबर्टनसोबत, डोमांटस सबोनिसच्या बदल्यात. आणि फेब्रुवारी २०२५ मधला लुका डाँचिचचा ट्रेड आठवा. आपल्याकडे रविवारी सकाळी तो कळला, त्याआधी त्याची कुजबुजसुद्धा नव्हती. मोठे सौदे गुपचूप होतात, म्हणून महिनाभर गाजलेल्या नावावर मी कमी विश्वास ठेवतो.

वेळापत्रक

उन्हाळ्यात नवा करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाहीत, काहींसाठी ही तारीख १५ जानेवारी असते. त्यामुळे नोव्हेंबरमधल्या अफवेत अशा खेळाडूचं नाव असेल तर ती तिथेच बाद. ट्रेडची डेडलाइन फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ३ वाजता असते. भारतात तेव्हा गुरुवार उलटून रात्रीचा दीड झालेला असतो. लीगच्या कार्यालयाकडे वेळेत पोचलेले सौदे त्यानंतरही काही वेळ जाहीर होत राहतात, तेव्हा दीडचा ठोका पडला म्हणून लगेच झोपायला जाऊ नका. दोन-सव्वादोनपर्यंत थांबा, आणि पगारांचा तक्ता शेजारी उघडा ठेवा.